बोलीतला तुरुंग

९ मार्च १९९५
शांघाय रस्ता, याऊ-मा-तेइ, हाँगकाँग

मी, मोक यिऊ-हुन, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिंपीकाम, स्वतःच्या नावाच्या पाटीखाली चव्वेचाळीस वर्षे, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, कोणत्याही फौजदारी प्रकरणात कधीही नाव न आलेला, पूर्ण शुद्धीत राहून, माझी पत्नी आऊ सिऊ-केंग, वय वर्षे सहासष्ट, सध्या मुक्काम मुलाचे घर, व्हँकुव्हर, हिला लिहितो ते असे.

लिहिणाऱ्याने आधी आपण कोण ते सांगावे, मग मजकुराला हात घालावा, असे आमचे गुरुजी शिकवीत. तू हसशील. हस. परंतु टेलिफोनवर नवऱ्याचे नाव ऐकूनही जी बाई जागची उठत नाही, तिला नाव-गाव सांगूनच सुरुवात केलेली बरी.

रविवारी मान-होचा फोन आला. मुलाने बापाशी कोणत्या स्वरात बोलावे याची त्या देशात काही रीत असेलसे वाटत नाही.

"बाबा, तुम्ही काय लिहून पाठवलंत त्या कचेरीला?"

"जे मागितले ते."

"आईला पत्र आलंय. कुठल्या तुरुंगात होतात, किती दिवस, कोणत्या गुन्ह्यासाठी, असं विचारलंय! पोलिसांचा दाखला आणा म्हणतात. बाबा, आईला! जिने जन्मात कधी बसचं तिकीट चुकवलं नाही!"

मी म्हणालो, आईला फोन दे. तो म्हणाला, आई झोपलीय. त्याच वेळी मागे कोणी खोकले. सुनेचा खोकला मला ठाऊक आहे, तो वरच्या पट्टीतला आहे. हा तुझा होता. झोपलेली माणसे असे मोजून-मापून खोकत नाहीत.

आता वस्तुस्थिती नोंदवतो. तुझ्या नागरिकत्वाच्या अर्जासाठी माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती: माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी १९९३च्या उन्हाळ्यात तू चोपन्न दिवस हाँगकाँगला माझ्याजवळ होतीस, एवढे लेखी. ते मी दिले. तारखा अचूक आहेत. त्याखाली मी एक वाक्य अधिक घातले, कारण अर्धवट माहिती देणे मला पटत नाही. ते वाक्य असे: "उरलेला सर्व काळ माझी पत्नी आपल्या कॅनडा देशात तुरुंगात बसली असून, तिच्याबरोबर तुरुंगात बसलेले यिम पाक-निन नावाचे विधुर गृहस्थ मार्च महिन्यात सुटणार आहेत."

यात असत्य काय आहे? परदेशाचे कायमचे कागद मिळावेत म्हणून तिथे नेमून दिलेले दिवस काढण्याला आपल्याकडे सर्वजण 'तुरुंगात बसणे' म्हणतात. मासळीवाली म्हणते, डॉक्टर म्हणतो, तू स्वतः तुझ्या पत्रात म्हणतेस. "यिम मास्तर मार्चमध्ये सुटतात, मी मेमध्ये सुटेन," हे तुझ्या अक्षरातले वाक्य माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी फक्त ते पुढे पाठवले. जेड बाजाराजवळ बसणाऱ्या फू लेखनिकाने त्याचे इंग्रजी केले. इंग्रजीत त्या शब्दाला दुसरा अर्थ नसेल तर तो इंग्रजीचा दोष आहे.

मान-हो म्हणतो, त्या देशात तुरुंगात काढलेले दिवस रहिवासात धरत नाहीत. सोळा मे रोजी तुला न्यायाधीशापुढे उभे राहायचे आहे. तोवर खुलासा झाला नाही, तर तुझी तीन वर्षे पाण्यात जाऊन पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. हे ऐकून मला खेद झाला. मात्र दोष माझा नाही, हे नोंदवून ठेव.

मोक यिऊ-हुन

ता. क. तुझा फोटो जानेवारीतच पोहोचला. बर्फ पुष्कळ आहे. तू मी शिवलेली निळी कापूसभरली बंडी घातली आहेस. वरून दुसरी घुंडी नवीन आहे. कोणाच्या हातची?


२६ मार्च

सिऊ-केंग हिस,

सतरा दिवस झाले, उत्तर नाही. तेव्हा मीच पुढचे लिहितो.

तुझ्या माघारी मी सकाळचा चहा कोपऱ्यावरच्या चहाघरात घेतो, हे तुला ठाऊक आहे. तिथला जाड चष्म्याचा वाढपी, ज्याला सगळे 'चारडोळ्या' म्हणतात, तो तू गेल्यापासून मला पाहिले की मोठ्याने ओरडतो, "अंतराळवीर काका आले! जागा द्या!" पहिला आठवडाभर मला वाटले, माझ्या वयाचा मान राखून म्हणत असतील. मी मान लववीत असे. एकदा तर मी म्हणालो, "तितके काही नाही." त्यावर शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या नाकातून चहा आला.

शेवटी चारडोळ्याला दया आली. कोळंबीच्या वाफवलेल्या करंज्यांची टोपली माझ्यापुढे ठेवून तो वाकून म्हणाला, "काका, रागवू नका. 'थाय-हुंग' म्हणजे अंतराळ, बरोबर? पण 'थाय-थाय' म्हणजे बायको. 'हुंग' म्हणजे रिकामं, आणि 'यान' म्हणजे माणूस. बायकोची जागा रिकामी असलेला माणूस, तो थाय-हुंग-यान! सगळ्या शहरात चाललंय, तुम्हालाच कसं ठाऊक नाही?"

मी म्हणालो, "माझ्या बायकोची जागा रिकामी नाही. ती प्रवासात आहे."

"तेच हो, काका. रॉकेट सुटलंय, अजून उतरलेलं नाही, एवढंच."

हे मी तुला तक्रार म्हणून लिहीत नाही. वस्तुस्थिती म्हणून लिहितो.

काल मी फू लेखनिकाकडे गेलो. जाताना छत्री हातात होती, आणि ती मी जरा घट्ट धरली होती. त्याला चारचौघांत म्हणालो, "तुम्ही माझ्या पत्नीला गुन्हेगार केलेत."

फूने चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, "मोक साहेब, बसा. त्या दिवशी मी तुम्हाला काय विचारलं होतं, आठवतं?"

"नाही."

"मी विचारलं होतं, बोलीतला तुरुंग की गजांचा तुरुंग? इंग्रजीत दोन्ही एकत्र मावत नाहीत. हे वाक्य गाळू या, साहेबाला ते नकोच आहे. असं दोनदा म्हणालो. माझी भाची इथेच लिफाफे चिकटवत होती. तिला विचारू?"

भाची मान खाली घालून लिफाफा चिकटवू लागली. तो आधीच चिकटवलेला होता.

"आणि तुम्ही काय म्हणालात? 'जे सांगितले ते लिहा.' मग मी लिहिलं."

सिऊ-केंग, गेल्या पत्रात मी लिहिले की दोष इंग्रजीचा आहे. ते वाक्य मी मागे घेतो. लेखनिकाने विचारले होते. मी तसे म्हणालो होतो.

का म्हणालो, ते सांगितल्याशिवाय हा कबुलीजबाब पुरा होत नाही, म्हणून सांगतो. काय-ताक विमानतळावर तू म्हणाली होतीस, "सुटले की येईन." मी ते वाक्य तीन वर्षे जपले. मग हिवाळ्याच्या सणाचे तुझे पत्र आले, फोटोसकट. त्यात लिहिले होते, "मेमध्ये सुटले की काय करायचं ते ठरवीन." 'येईन' नव्हे. 'ठरवीन.' मी ते पत्र खिडकीशी नेऊन वाचले, मग भिंग लावून वाचले. भिंगाखालीही 'ठरवीन'च होते.

मग मी फोटो भिंगाखाली घेतला. तुझ्या उजव्या हाताला, फोटोच्या अगदी कडेला, एका पुरुषाचा हात खांद्यापर्यंत आला आहे. राखी कापड. बाहीची काखेतली जोडणी शांघायी पद्धतीची. व्हँकुव्हरात शांघायी पद्धतीने बाही लावणारा माणूस मला एकच ठाऊक आहे, यिम पाक-निन, आणि त्यांचे दुकान पंचवीस वर्षे माझ्या दुकानासमोर होते. त्यानंतर घुंडी. या दुकानातल्या घुंडीच्या गाठीचा वरचा वळसा उजवीकडून डावीकडे पडतो. तुझ्या बंडीवरच्या त्या नव्या घुंडीचा डावीकडून उजवीकडे पडला आहे. आपल्या हातची नसलेली घुंडी मी ओळखणार नाही तर कोण ओळखेल?

घुंडी नेमकी छातीवर असते. ती बसवायला माणसाला किती जवळ उभे राहावे लागते, हे मी शिंपी असल्यामुळे मला कोणी सांगायला नको.

उत्तर दे. एका ओळीचे चालेल.

मोक यिऊ-हुन


६ एप्रिल

सिऊ-केंग,

काल पितरांचा दिवस. मी आई-वडिलांची समाधी झाडली, भाजलेले डुक्कर वाहिले, तुझ्या नावाच्याही तीन उदबत्त्या लावल्या. आईला सांगितले, सून प्रवासात आहे. मेलेल्यांशी खोटे बोलत नाहीत, म्हणून "परत येणार आहे" असे म्हणालो नाही.

आज सकाळी चहाघरात गेलो, तर माझ्या जागी यिम पाक-निन बसलेले.

तू मला कळवले नव्हतेस. त्यांच्यावर पुष्कळ मांस चढले आहे, एवढेच बोलतो. अंगात राखी कोट होता. मी आधी काखेची जोडणी पाहिली, मग तोंड पाहिले.

ते उठून उभे राहिले, दोन्ही हात जोडून म्हणाले, "मोक भाऊ, तुमचा सहकैदी हजर आहे. सजा भोगून सुटलो."

चारडोळ्या किटली घेऊन तिथेच थबकला. त्याला त्या वेळी इतर कोणत्याही टेबलावर काही काम नव्हते.

मी म्हणालो, "माझी जागा."

"घ्या, घ्या." ते सरकले. "तुमच्या कृपेने माझं नाव पहिल्यांदाच सरकारदरबारी पोचलं. साहेबाने मला बोलावून विचारलं, यिम, तुम्ही आणि ती बाई कोणत्या गुन्ह्यात आत होतात? मी म्हटलं, साहेब, थंडीच्या. फेब्रुवारीत अंगणातलं बर्फ ओढताना आम्ही दोघांनी जे शब्द वापरले त्यासाठी खरं तर फाशीच व्हायला हवी."

चारडोळ्या हसला. मागची तीन टेबलेही हसली. यिम यांना नेहमीच हसवता येत असे. तू दुकानाच्या मागच्या खोलीतून, पडद्याआडून, त्यांच्या बोलण्यावर हसायचीस. मी पुढे गिऱ्हाइकाचे माप घेत असे आणि माझी फीत थांबत असे. हे तुला कधी सांगितले नव्हते.

"माझी गोष्ट मिटली," यिम म्हणाले. "माझे कागद आधीच हातात होते. पण वहिनींचं मिटलेलं नाही. त्या साहेबापुढे मी तोंडी पुष्कळ सांगितलं, की ही आमची बोली आहे, थट्टा आहे. तो म्हणतो, ज्याने लिहून दिलं त्यानेच लिहून मागे घ्यायला हवं. शपथेवर. मोक भाऊ, सोळा मेला किती दिवस राहिले?"

"चाळीस."

"मग पू-लेइ चहा कसला पिता?"

त्यांनी आतल्या खिशातून एक लिफाफा काढला. "हे वहिनींनी दिलंय. आत काय आहे ते पाहायचं नाही म्हणाल्या. मी पाहिलं नाही."

मी विचारले, सर्वांसमोर, कारण मागे वळून लपवण्यासारखे आता काही उरले नव्हते: "तिच्या निळ्या बंडीची वरून दुसरी घुंडी कोणी बांधली?"

यिम यांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. ते आता हसत नव्हते. "सत्तावीस वर्षांपूर्वी, शिंप्यांच्या सभेच्या जेवणाला, मी तुम्हाला याच प्रकारचा एक प्रश्न विचारला होता. आठवतो?"

"आठवतो."

"तुम्ही उत्तर काय दिलंत, तेही आठवत असेल. मग मला कशाला विचारता?"

ते उठले. जाताना चारडोळ्याला म्हणाले, "अंतराळवीराला गरम चहा दे. वर फार थंडी असते."

तो प्रश्न तुला ठाऊक नाही. त्या रात्रीच्या जेवणाला आगबोटींच्या मालकाची पत्नी मी शिवलेला जांभळा झगा घालून आली होती. सगळे घुंड्यांची वाखाणणी करीत होते. यिम यांनी जवळ जाऊन पाहिले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मोक भाऊ, या घुंड्या कोणी बांधल्या? तुमच्या हातच्या नाहीत." मी म्हणालो, "माझ्याच हातच्या आहेत." ते म्हणाले, "बरं." एवढेच. त्या 'बरं'मुळे मी सत्तावीस वर्षे त्यांना आधी नमस्कार केलेला नाही. त्यांना कसे कळले? ज्या अर्थी कळले त्या अर्थी त्यांनी तुझे हात पाहिले होते, आणि पुष्कळ वेळ पाहिले होते, असा मी निष्कर्ष काढला.

लिफाफा मी घरी येऊन उघडला. त्यात निळ्या रेशमाची तिरपी कापलेली एक उरेब पट्टी निघाली, वीतभर, जुन्या वळशांच्या खुणा असलेली. आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. "बांधून दाखवा. मग बोलू."

तीन वर्षांत तुझे मला आलेले हे सर्वांत लहान पत्र.

मोक यिऊ-हुन


१८ एप्रिल

सिऊ-केंग,

बांधली. सोबत पाठवली नाही. कारण पुढे येईल.

पहिले तीन दिवस मी पट्टी हातात घेतली नाही. म्हणालो, चव्वेचाळीस वर्षांच्या मास्तराला परीक्षा कसली? चौथ्या दिवशी घेतली. पहिली घुंडी मसूर डाळीएवढी हवी होती, ती शेंगदाण्याएवढी झाली. दुसरी बांधली तर ती ओढताच सुटून पुन्हा पट्टी झाली. तिसरीला नाव नाही. सातव्या दिवशी शाम-शुई-पोच्या बाजारातून तयार घुंड्यांचे एक पाकीट आणले आणि त्यांतली एक उलगडून वळसे मोजले. तेव्हा आठवले, तू गेल्यापासून या दुकानातल्या सर्व घुंड्या त्याच पाकिटांतल्या आहेत. तीन वर्षे मी त्याच पाहतो आहे. त्यांचा वळसा उजवीकडून डावीकडे पडतो. २६ मार्चच्या पत्रात 'या दुकानातली घुंडी' असे जे मी लिहिले, ती घुंडी बाजारातली होती.

मग मी पुन्हा फोटो काढला.

फोटोत तुझ्या बंडीला पाच घुंड्या दिसतात. जानेवारीपासून मी त्या फोटोवर भिंग धरतो आहे, दिवसातून निदान दोनदा, आणि दर वेळी ते दुसऱ्या घुंडीवर धरतो. उरलेल्या चारांकडे मी पाहिलेच नव्हते. त्या मी १९८९ साली माझ्या हाताने बंडीला टाकल्या होत्या, म्हणून त्यात पाहण्यासारखे काय?

परवा पाहिले. पाचही घुंड्यांचा वळसा डावीकडून उजवीकडे आहे.

मी कपाट उघडले. घेऊन जायला कोणी न आलेले जुने झगे आपण ठेवतो ना, ते काढले. १९७४चा हिरवा. १९६६चा, जिचे लग्न मोडले तिचा, लाल. १९६०चा. सगळे जमिनीवर पसरले. एकूण त्रेचाळीस घुंड्या. सगळ्यांचे वळसे एकाच दिशेचे, आणि ती दिशा माझ्या हाताची नाही.

ते डावऱ्या हाताचे वळसे आहेत.

सिऊ-केंग, तू जेवतेस उजव्या हाताने. लिहितेस उजव्या हाताने. आपल्या लग्नात तू मला चहा देताना तुझ्या आईने तुझे उजवे मनगट धरून कप पुढे केला होता. मला तेव्हा वाटले, मुलगी लाजते आहे. आज वाटते, डावा हात आधी पुढे येईल या धास्तीने त्या माऊलीने धरला असेल. डावरी मुलगी सून म्हणून कोण करून घेतो? पुढे तू मागच्या खोलीत, पडद्याआड, जिथे सासूही नव्हती आणि गिऱ्हाईकही नव्हते, तिथे तुझ्या खऱ्या हाताने बांधीत राहिलीस. मी पडदा बाजूला सारून तयार घुंड्यांची वाटी घेई आणि पडदा पुन्हा सोडून देई. एकतीस वर्षे. बाहेर येऊन गिऱ्हाइकाला सांगे, "ही आमच्या दुकानाची खासियत. माझ्या हातची."

यिम यांना कसे कळले ते आता मला कळले. त्यांनी तुझे हात पाहिले नव्हते. त्यांनी घुंडी पाहिली होती. पाहणारा शिंपी होता, एवढेच. ते मला दिसले नव्हते, म्हणून ज्याला दिसले त्याचा मी हेवा केला. सत्तावीस वर्षे केला. आजही थोडा करतो. लिहायला बसलोच आहे तर तेही लिहून टाकतो.

आणखी एक. १९९१ साली मी तुझ्यामागोमाग तिथे आलो आणि बावीस दिवसांत कंटाळून परतलो. लोकांना सांगितले, तिथे चहा कागदी पेल्यात देतात, म्हणून. चौदाव्या दिवशी यिम आले होते. तू त्यांना बंडी दाखवलीस. ते म्हणाले, "वहिनी, या घुंडीला या शहरात तोड नाही." ते माझ्याकडे वळून म्हणाले नाहीत. तुझ्याकडे वळून म्हणाले. आणि तू लाजली नाहीस, नाकारले नाहीस. "हो," म्हणालीस. त्या 'हो'पासून मी आठ दिवसांनी विमानात बसलो.

दुसरी घुंडी कोणी बांधली, हे विचारणारे वाक्य मी मागे घेतो.

माझी घुंडी पाठवायची की नाही, हे आज ठरवता येत नाही. पाहा, मीही 'ठरवीन' म्हणालो.

यिऊ-हुन


२८ एप्रिल

सिऊ-केंग,

सोबत शपथपत्राची नक्कल. मूळ प्रत आज रजिस्टर टपालाने त्या देशाच्या कचेरीला गेली. अठरा दिवस हातात आहेत.

वॉर्डाच्या कचेरीत शपथ घेताना काउंटरवरच्या मुलीने तीन ठिकाणी पेन्सिलीची खूण केली.

"आजोबा, पहिला परिच्छेद ठीक आहे. पण हे घुंडीचं काय? आणि हे 'मत्सर'? याचा तुमच्या बायकोच्या अर्जाशी काय संबंध?"

मी म्हणालो, "बाई, साहेब विचारील, हा म्हातारा असे खोटे का लिहील? कारण दिले नाही तर तो मागचेच खरे धरील."

मागे रांगेत उभा असलेला एकजण ओरडला, "लवकर करा हो, आमचीही बायको कॅनडात आहे!" सगळी रांग हसली. त्या मुलीने खोडरबराने तीनही खुणा पुसल्या.

नक्कल पुढीलप्रमाणे.

*

मी, मोक यिऊ-हुन, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिंपीकाम, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार शांघाय रस्ता, हाँगकाँग, शपथेवर लिहून देतो की:

माझी पत्नी आऊ सिऊ-केंग ही आपल्या कॅनडा देशात किंवा अन्य कोठेही कधीही तुरुंगात नव्हती. आमच्या बोलीत, परदेशात राहण्याचा हक्क मिळावा म्हणून तिथे नेमलेले दिवस काढण्यास 'तुरुंगात बसणे' म्हणतात. ही थट्टा आहे. थट्टा अशासाठी, की तिथे कोणी कोंडत नाही, तरी मनुष्य दिवस मोजतो. १० जानेवारीच्या माझ्या निवेदनातला तो शब्द याच अर्थाचा होता.

परंतु तो शब्द आपल्याला कळणार नाही हे मला ठाऊक होते. लेखनिकाने मला दोनदा सावध केले होते. मी तो मत्सरापोटी तसाच ठेवला. ती सुटल्यावर परत येणार नाही, या भीतीने मी तिची सुटका लांबवू पाहिली. यात तिचा, लेखनिकाचा किंवा यिम पाक-निन यांचा कोणताही दोष नाही.

माझ्या मत्सराला कारण झालेली घुंडी माझ्या पत्नीनेच बांधली होती. तसेच १९६० ते १९९१ या काळात माझ्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक वस्त्रावरील प्रत्येक घुंडी तिनेच, डाव्या हाताने, बांधलेली आहे. त्या माझ्या हातच्या आहेत असे मी वेळोवेळी सांगितले, ते असत्य आहे.

तिला हक्क मिळाल्यानंतर तिने कोठे राहावे, हे ठरवणे तिच्याकडे आहे. ती आली नाही तर मी त्याविषयी कोणत्याही कचेरीकडे तक्रार करणार नाही. आली तर मागच्या खोलीचा पडदा काढलेला असेल. तो आज सकाळी मी काढला.

सोबत जोडले: घुंडी एक, निळ्या रेशमाची, माझ्या स्वतःच्या हातची. वळसा उजवीकडून डावीकडे. सैल. ही कचेरीसाठी नसून माझ्या पत्नीसाठी आहे, कृपया तिला द्यावी.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवण्यात आला व मी तो खरा म्हणून सही केली. त्या वेळी पुढील साक्षीदार हजर होते:

फू चेउक-साम, लेखनिक, ज्यांनी दोनदा विचारले होते;
ली, चहाघरातले वाढपी, उर्फ चारडोळ्या, ज्यांनी शब्दाचा अर्थ सांगितला;
यिम पाक-निन, शिंपी, ज्यांना मी आज आधी नमस्कार केला, आणि ज्यांनी जोडलेली घुंडी हातात घेऊन, उलटसुलट पाहून सांगितले की ही मोक यांच्याच हातची आहे.